वरकुट्याचं मैदान मी कागदावर आणलं

मला फुटबॉल खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. शाळेत असताना एकदाच चेंडूला लाथ मारायला गेलो होतो. चेंडू जागेवर राहिला आणि माझी चप्पल हेडमास्तरांच्या खोलीत गेली. तेव्हापासून चेंडूचं आणि माझं बोलणं बंद होतं, ते थेट एकोणीसशे पंच्याण्णवपर्यंत. त्या वर्षी आषाढात पेपरच्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला. परदेशात म्हणे काही माणसांना फुटबॉलची वेगवेगळी मैदानं बघत हिंडायचा छंद असतो. सामना कुणाचा, जिंकलं कोण, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नाही. नवीन मैदान गाठायचं, सामना संपेपर्यंत बसायचं आणि घरी यायचं.

तो लेख मी तीनदा वाचला. बारामतीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघण्यात माझी अठरा वर्षं गेली होती. (कचेरीचं नाव सांगत नाही, माझं पेन्शन व्हायचं आहे.) खेळायचं नाही, शिकायचं नाही, हरायचं तर मुळीच नाही, नुसतं वेळेवर हजर व्हायचं आणि शेवटपर्यंत बसून राहायचं. हा छंद ज्यानं काढला तो माणूस सरकारी नोकरीतलाच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

आमच्या मंडळींना, म्हणजे रोहिणीला, हे सांगितलं तेव्हा ती डाळ निवडत होती.

"तुम्ही फुटबॉल खेळणार?"

"खेळणार नाही. मैदानं बघणार."

"आणि मैदानात काय बघणार?"

"मैदान."

तिनं डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "बघा बाबा. येताना कोथिंबीर आणा," एवढंच ती म्हणाली. शेजारच्या सिंधुबाईंनी मात्र हे प्रकरण गंभीरपणे घेतलं. दर रविवारी सकाळी डबा घेऊन नवरा बाहेर पडतो म्हटल्यावर त्यांनी रोहिणीला मागल्या दारी बोलावून हळूच विचारलं, "घरात काय भांडणबिंडण हाय का गं? मैदानाचं नाव सांगून माणसं कुठं कुठं जात्यात." त्यानंतर महिनाभर गल्लीतल्या बायका माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मी माझ्या सेवाकाळात फक्त लाच घेताना सापडलेल्या माणसाच्या वाट्याला आलेली बघितली आहे.

बरोबर कोण? तर इब्राहिमभाई. त्यांचं आमच्या घराखाली सायकलचं दुकान होतं. माझ्याकडं छंद होता आणि त्यांच्याकडं राजदूत मोटरसायकल होती, एवढ्यावर आमचं जमलं. इब्राहिमभाईंना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण रविवारी दुकान बंद असलं की त्यांना घरात करमत नसे.

पुढं जे झालं त्याचं मला हसू येत नाही. सुरुवातीचं सांगताना मात्र येतं, त्याला माझा इलाज नाही.

बारामतीतली शाळा-कॉलेजची मैदानं पहिल्या दोन महिन्यांत संपली. मग आम्ही भिगवण काढलं. तिथं उजनीच्या पाण्याकाठी पोरं फुटबॉल खेळतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. ऑक्टोबरचा महिना. मासळीबाजारात आरिफ नावाचा एक जवान व्यापारी मासे तोलत होता, त्याला विचारलं, "इथं फुटबॉलचं मैदान कुठं आहे?"

"हाय की," असं म्हणून त्यानं थेट पाण्याकडं बोट केलं. "त्यो बगळा बसलाय न्हवं, तितं डावा गोल."

"पाण्यात?"

"आत्ता पाण्यात. धरण उतरलं की वर येतंय. शिमगा झाल्यावर या."

आता हे मैदान बघितलं धरायचं की नाही, असा मोठा पेच माझ्यापुढं उभा राहिला. नियमाप्रमाणं नव्वद मिनिटं बसणं आवश्यक होतं, ते माझ्या हातात होतं. म्हणून मी काठावर बसलो आणि दीड तास पाण्याकडं बघितलं. बगळा पंचावन्नाव्या मिनिटाला उडाला. इब्राहिमभाई शेजारच्या हॉटेलात जाऊन तळलेले मासे खाऊन आले आणि म्हणाले, "दादासो, मैदान चवदार हाय. असली मैदानं बघायची असली तर मी जन्मभर येतो."

त्यानंतर कळंब. इथं मला माझ्या स्वभावातला एक दोष सांगणं भाग आहे. मी गेलो त्यातल्या कुठल्याच दोन मैदानांवरचे गोल सारख्या मापाचे नव्हते, आणि त्याचा मला मनस्ताप होत असे. गोल चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच पाहिजे, असं पुस्तकात स्पष्ट दिलेलं आहे. म्हणून मी कचेरीतला मोजणीचा फीता बरोबर ठेवायला लागलो होतो. पुरवणीतल्या लेखात फीत्याचा उल्लेख नव्हता. ती भर माझी.

कळंबला सामना सुरू व्हायच्या आधी मी गोल मोजत होतो, तेवढ्यात चार-पाच माणसं येऊन उभी राहिली. त्यातल्या पागोटंवाल्यानं विचारलं, "सायब, चारी हिकडनं जाणार का?"

"नाही हो. मी मैदान मोजतोय."

"बघा! मैदानातनं जाणार!" तो मागं वळून ओरडला.

झालं. कालव्याची नवी चारी येणार म्हणून अर्ध्या तासात पन्नास माणसं जमली. निम्म्यांना ती आपल्या रानातून जायला हवी होती, निम्म्यांना नको होती, आणि दोन सख्खे भाऊ त्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मी फुटबॉलसाठी आलोय, हे तीनदा सांगितलं. पण चष्मा लावून, शर्ट खोचून, रविवारी एवढ्या लांबून माणूस फुटबॉल बघायला येईल, यावर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी पागोटंवाल्यानं वहीच्या पानावर अर्ज लिहून माझ्या हातात दिला. तो मला परत करता आला असता. पण अर्ज परत करणं माझ्या हातून आजवर घडलेलं नाही. मी तो घेतला, 'बघतो' म्हणालो आणि सोमवारी कचेरीत जाऊन त्यावर आवक शिक्का मारला. त्याचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. कळंबला मी पुन्हा गेलो नाही.

पण त्या दिवशी कळंबशी खेळायला वरकुट्याचा संघ आला होता आणि त्यांचा कप्तान होता बिरदेव. तिशीचा, काटक, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आधी चार वर्षं तो पुण्याला लष्कराच्या मेसमध्ये भांडी घासायला होता. तिथल्या जवानांबरोबर खेळायला शिकला आणि गावी येताना एक चेंडू घेऊन आला. त्यानंच माझी त्या गर्दीतून सुटका केली. "सोडा त्यास्नी. गोल मोजणारा मानूस वाईट नसतोय," असं म्हणाला. मग त्यानं मला त्यांच्यातली रीत सांगितली. इकडं एक सामना म्हणजे दोन रविवार. आज यांच्या मैदानावर, पुढल्या रविवारी आमच्या. ज्याचं मैदान त्यानं पाहुण्यांना जेवू घालायचं. ज्यांच्यात जेवलो त्यांना आपल्या मैदानावर बोलावून जेवू घातल्याशिवाय राहायचं नाही. ही रीत कुठल्या पुस्तकात नव्हती आणि कुणी मोडलेली मी कधी बघितली नाही.

"पुढल्या रविवारी आमच्यात या, सायब," तो म्हणाला. "आमचं गोल मोजा. हसू नगा म्हंजी झालं."

वरकुट्याचं मैदान गावाबाहेर गायरानात होतं. बिरदेवच्या भावकीची पूर्वी मोठमोठी खांडं होती मेंढरांची. पिढ्यान्‌पिढ्या कळप बसून बसून ती जमीन अशी सपाट झाली होती की पाण्याचा तांब्या ठेवला तर पाणी हलू नये. आता बहुतेकांनी मेंढरं सोडून ऊस धरला होता. फक्त बिरदेवच्या आईनं, सारजाबाईनं, चाळीस मेंढरं राखली होती. गवत वाढू न देण्याचं काम त्या चाळीस जणींकडं होतं. एका बाजूच्या गोलाला बाभळीचे खांब, दुसऱ्या बाजूला तुषार सिंचनाच्या जुन्या पाइपांचे. चेंडू पाइपाला लागला की पाइप वाकायचा आणि परत येताना चेंडूला टोला द्यायचा. त्यामुळं वरकुट्याचा गोलकीपर पाइपाच्या बाजूला उभा राहिला की समोरचा संघ घाबरून लांबूनच मारायचा.

"मध्यंतर किती वाजता?" मी घड्याळ काढून विचारलं.

"मेंढरं आली की," बिरदेव म्हणाला.

आणि खरंच, सारजाबाई मेंढरं घेऊन ओढ्याकडून आली, मैदानातून पलीकडं गेली, आणि बावीस माणसं कमरेवर हात ठेवून ती जाईपर्यंत उभी राहिली. ती पार झाल्यावर दुसरा डाव सुरू. सामना संपल्यावर लिंबाखाली पंगत बसली. सारजाबाईनं बाजरीच्या भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. मी पाहुण्या संघातला नव्हतो, खेळाडू नव्हतो, तरी माझ्या पुढ्यात पहिली भाकरी पडली.

छंदाचा नियम असा की गाठलेल्या मैदानावर परत जायचं नाही. मी वरकुट्याला ओळीनं सात रविवार गेलो; सामना नसला तरी तिथली पोरं आपापसांत खेळायची. रोहिणी म्हणाली, "आता तुमच्या छंदाला काय म्हणायचं?" तिसऱ्या रविवारी बिरदेवनं माझ्या हातात शिट्टी दिली होती. तुमच्याकडं घड्याळ आहे, तुम्हीच वेळ बघा, म्हणाला. मी शिट्टी वाजवली आणि धावणारी बावीस माणसं जागच्या जागी थांबली. अठरा वर्षांत माझ्या सांगण्यावरून शिपाईसुद्धा थांबलेला नव्हता. त्या शिट्टीपायी मी त्या मैदानाच्या प्रेमात पडलो, हे मान्य करायला मला आता लाज वाटत नाही. मी पुढं जे केलं त्याची वाटते.

एका सामन्यात पाइपाचा खांब मोडला. चेंडू आधी आत गेला की खांब आधी पडला, यावर सामन्यापेक्षा जास्त वेळ भांडण चाललं. पंच म्हणून मी निकाल दिला, तो कुणी ऐकला नाही, आणि मी मनात दुखावून लिंबाखाली जाऊन बसलो. तिथं माझ्या डोक्यात आलं: या मैदानाला लोखंडी खांब पाहिजेत. शासनाची क्रीडा साहित्याची योजना असते. एक अर्ज करायचा. मी बिरदेवला तसं म्हणालो.

त्यानं मोडलेला पाइप लिंबाला टेकवून ठेवला. मग म्हणाला, "सायब, तुमचा जीव जडलाय हितं, ते कळतंय आमाला. या, बसा, जेवा, शिट्टी मारा. पर कुठं कागूद करू नगा."

"अरे, कागद झाल्याशिवाय इथं मैदान आहे हे सरकारला कळणार कसं?"

सारजाबाई ताटं घासत होती. ती वर न बघताच म्हणाली, "कशाला कळाया पायजे? माज्या सासऱ्याच्या टायमापासनं ही जागा हाय. त्येला कळलं न्हाय म्हणून तर हाय."

खरं सांगतो, ते ऐकून मला राग आला. माझी सारी हयात ज्या कागदांत गेली त्यांच्याबद्दल ती म्हातारी असं बोलत होती. ज्याची नोंद नाही ते असूनही नसल्यासारखं, हे मी नोकरीत शिकलो होतो आणि नवीन आलेल्या कारकुनांना शिकवलंही होतं. या भोळ्या माणसांना कळत नाही, आपण गुपचूप करू आणि एके दिवशी ट्रकमधून एकदम खांबच उतरवू, असं मी ठरवलं.

जानेवारीत मी अर्ज केला. विषय: मौजे वरकुटे येथील गायरानातील फुटबॉल मैदानास मान्यता व दोन जोड लोखंडी गोलपोस्ट मिळणेबाबत. अर्ज इतका चांगला उतरला होता की मी तो घरी मोठ्यानं वाचून दाखवला.

"बिरदेवला विचारलंत?" रोहिणीनं विचारलं.

"त्याला नंतर कळेल."

"नंतर म्हणजे कधी? झाल्यावर?" ती म्हणाली आणि उठून गेली. मी अर्जाची घडी घातली.

वीस दिवसांत उत्तर आलं. त्यात माझा उल्लेख 'क्रीडाप्रेमी नागरिक' असा होता. ते पत्र मी इब्राहिमभाईंच्या दुकानात, कचेरीत आणि सिंधुबाईंना दाखवलं. सिंधुबाईंचा माझ्याबद्दलचा संशय त्या दिवशी फिटला. पत्रात विचारलं होतं की सदर मैदानाची नोंद आहे काय, नसल्यास का नाही, आणि असल्यास नकाशा जोडावा. नोंद नाही, तर ती करून घेण्यासाठी आणखी एक अर्ज. तो टेबलावरून टेबलावर गेला. एका टेबलानं खेळाडूंची यादी मागितली, दुसऱ्यानं ती कशाला जोडली म्हणून विचारलं. एका साहेबांनी फुटबॉल हा ग्रामीण खेळ आहे काय, असा शेरा मारला. प्रत्येक शेऱ्याला मी मुद्देसूद उत्तर दिलं. इतकं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

राहिला नकाशा. तो मीच काढणार होतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी फीता घेऊन गेलो आणि बिरदेवला सांगितलं की माझ्या छंदासाठी, माझ्या स्वतःच्या वहीसाठी मापं हवी आहेत. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग चेंडू खाली ठेवला आणि फीत्याचं दुसरं टोक हातात घेतलं. ऊन होईपर्यंत तो माझ्याबरोबर कडेकडेनं फिरला. लिंबापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून बांधापर्यंत. नकाशा मी तीन संध्याकाळी बसून काढला. काळ्या शाईनं हद्दी, उत्तर दिशेचा बाण आणि मधोमध सुंदर अक्षरात 'मैदान'.

एप्रिलमध्ये जागेच्या पाहणीचा अहवाल झाला. त्याची प्रत माझ्याकडं आली. 'सदर जागा सपाट असून मोकळी आहे. जागेवर अतिक्रमण नाही. जागेचा कोणताही वापर चालू असल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही.' मी तीनही वाक्यं कारकुनाच्या नजरेनं तपासली. चूक सापडली नाही. मेंढरं आणि फुटबॉल यांच्यासाठी अभिलेखात रकाना नसतो, त्यामुळं ते दिसून येण्याचा प्रश्नच नव्हता. खाली लिहिलं होतं: प्रत माहितीसाठी, आणि त्यापुढं सहा कचेऱ्या. मला वाटलं, किती झपाट्यानं काम चाललंय.

त्या सहांपैकी एका कचेरीला पावसाळ्याआधी झाडं लावण्याचं उद्दिष्ट पूर्ण करायचं होतं आणि जागा मिळत नव्हती. तिचंही नाव मी घेत नाही. तिथल्या माणसानं काही वाईट केलं असंही मी म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर एक सपाट, मोकळी, अतिक्रमण नसलेली, कुणीही न वापरलेली जागा आपल्या पायानं नकाशासकट चालत आली होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मे महिन्यात आमच्या घरी लग्न होतं, म्हणून तीन रविवार मी गेलो नाही. चौथ्या रविवारी इब्राहिमभाईंनी गायरानाच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि ते नुसते "अरारारा" म्हणाले.

मैदानभर खड्डे होते. हातभर रुंद, हातभर खोल, ओळीत, साडेसहाशे. सभोवार काटेरी तार. बाभळीचे खांब उपटून तारेच्या खुंटांना जोडले होते. कडेला मुकादम खुर्ची टाकून बसला होता आणि त्याच्या मांडीवर नकाशा होता. अक्षर मी लांबूनच ओळखलं. 'मैदान' या शब्दावर एक तिरपी रेघ मारली होती.

मी जवळ गेलो तसा तो म्हणाला, "या सायब. नकाशा कुणी काढलाय ठावं न्हाय, पर लई झ्याक काढलाय. मापं इतकी बरोबर की आमाला परत मोजायाच लागलं न्हाय. चार दिसांचं काम वाचलं."

माझ्या नकाशाचं आयुष्यात कुणी केलेलं ते पहिलं कौतुक. मी तारेला धरून उभा राहिलो. पलीकडं सारजाबाई मेंढरं घेऊन थांबली होती. मेंढरांना रोजची वाट माहीत होती. ती तारेपाशी येत होती, थांबत होती आणि पुन्हा तिथंच येत होती.

बिरदेव लिंबाखाली होता. मी त्याला सगळं सांगितलं. जानेवारीपासूनचं, काही न लपवता. वहीसाठी मापं हवीत म्हणालो ते खोटं होतं, हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हातातली काडी मोडली आणि म्हणाला, "फीता मीच धरला व्हता की, सायब."

त्यानंतर मी जी धावपळ केली ती सांगण्यात अर्थ नाही, तरी थोडी सांगतो. मैदान वाचवण्यासाठी मी अकरा अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं की नोंद नसलेल्या मैदानाबाबत तक्रार दाखल करून घेता येत नाही. तिसऱ्याला उत्तर आलं की याच जागेबाबत आपलाच पूर्वीचा नकाशा आमच्याकडं आहे, तो आपणांस मान्य नाही काय? एका साहेबांनी समोर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "अहो, झाडं लावायला तुमचा विरोध आहे का?" मी चहा संपवून उठलो. इब्राहिमभाई म्हणाले, "दादासो, हात जोडतो, आता लिवू नका. तुम्ही लिवलं की खड्डे वाढत्यात." जुलैत मूळ अर्जाचा निकाल लागला. सदर ठिकाणी मैदान अस्तित्वात नसल्याने गोलपोस्टची मागणी नामंजूर.

त्या पावसाळ्यात साडेसहाशे रोपं लागली. दिवाळीपर्यंत त्यातली चाळीसएक उरली असतील. खड्डे राहिले, तार राहिली. सारजाबाईनं कार्तिकात मेंढरं विकली. मला हे इब्राहिमभाईंकडून कळलं, कारण मी वरकुट्याला जायचं सोडून दिलं होतं. मैदानं बघायचंही सोडलं होतं. रविवारी मी घरी बसायचो. कोथिंबीर रोहिणीच आणायची.

पुढल्या साली शिमग्यानंतर एका रविवारी सकाळी दारात ट्रॅक्टर थांबला. मागं ट्रॉलीत बारा माणसं. बिरदेव खाली उतरला.

"सायब, भिगवणला मॅच हाय. शिट्टी तुमच्याकडंच राहिली."

मी शिट्टी आणून त्याला द्यायला लागलो. त्यानं घेतली नाही. "चला की. वेळ कोण बघणार?"

वर्षभरात ही माणसं कुठं कुठं जाऊन खेळत होती ते मला ट्रॉलीत बसल्यावर कळलं. आज या गावी, पुढल्या रविवारी त्या गावी, जिथं कुणी बोलवेल तिथं. मी जे हौसेनं केलं होतं ते त्यांच्यावर येऊन पडलं होतं. एक जण मला मोकळ्या मनानं कुठल्या मैदानावर खडे जास्त आहेत ते सांगत होता. मी मान हलवत होतो.

भिगवणचं मैदान पाण्यातून वर आलं होतं. भेगाळलेला, करकरीत गाळ आणि दोन्ही गोलांना मासेमारीची खरी जाळी. आरिफ त्यांचा कप्तान निघाला. सामना मोठा चांगला झाला. वरकुटे दोन विरुद्ध एक असं जिंकलं. शेवटची शिट्टी मी वाजवली तेव्हा दोन वाजले होते. सकाळी निघाल्यापासून चहा आणि बटरापलीकडं कुणाच्या पोटात काही नव्हतं. पलीकडं मंडपात मोठ्या कढईत मासे तळत होते आणि वास मैदानभर पसरला होता.

"चला, बसा समदी," आरिफ म्हणाला. "आधी पावणं."

"आमी जेवून आलोय," बिरदेव म्हणाला.

आरिफ हसला. "आरं, ही कसली रीत? आज तुमी हितं जेवा, पुढल्या रविवारी आमी तुमच्यात येतो."

"आमच्यात मैदान न्हाय."

"मग नुसतं जेवा की. परतीचं ऱ्हाऊ द्या."

"तसं न्हाय करत आमी," बिरदेव म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. त्याच्या मागची माणसं बूट सोडत होती, कुणी जमिनीकडं बघत होतं, कुणी पाण्याकडं. माझ्याकडं कुणीही बघितलं नाही. ते त्यांनी ठरवून केलं होतं असं मला वाटत नाही.

आरिफनं वयानं मोठा म्हणून माझा हात धरला. "सायब, तुमी तरी. दोन घास."

मला भूक लागली होती. खोटं कशाला सांगू, फार लागली होती.

"मीही जेवून आलोय," मी म्हणालो.

आम्ही ट्रॉलीत चढलो. मी पुढच्या फळीशी, बिरदेवच्या पाठीमागं बसलो. हमरस्त्याला लागल्यावर त्यानं स्टिअरिंगवरून मान वळवली आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाला, "सायब, तुमी जेवायचं व्हतं. तुमाला कुठं कुणाला परत बोलवायचं हाय?"

तो मायेनंच म्हणाला. मला त्याला सांगायचं होतं की ज्यानं तुमचं मैदान घालवलं त्याला तर तिथं मुळीच जेवता येत नाही. ट्रॅक्टरच्या आवाजात ते सांगणं जमलं नाही. पुढं चौफुल्यावर त्यानं मला बारामतीच्या एसटीसाठी उतरवलं, इंजिन बंद केलं, एसटी येईपर्यंत माझ्याशेजारी उभा राहिला, आणि तेव्हाही मी ते सांगितलं नाही.